जिथून मेसेज येत नाही

ऑगस्ट २०१९. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली आणि मी पुण्यात, कोरड्या घरात, फोन हातात घेऊन बसलेलो. ग्रुपवर मेसेज आला: 'आमच्या गल्लीत आठ माणसं अडकलीत, एक बाळंतीण आहे. कृपया बोट पाठवा.' खाली मोबाइल नंबर. मी तो लगेच चार ग्रुपांवर ढकलला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांकडून माझ्याकडे परत आला. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना, म्हणून त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "अहो, आम्हाला परवाच बाहेर काढलंय. दोन दिवस झाले, फोन थांबेना. चार्जिंग संपत आलंय, ठेवा आता."

मेसेज पुन्हा काढून वाचला. त्यात गावाचं नाव नव्हतं आणि तारीखही नव्हती.

आपत्तीत मोबाइल उपयोगी पडतो, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण फोनवरून जे कळतं ते नेमकं कशाबद्दल असतं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर समोर आला हैतीमध्ये.

१२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी हैतीला ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र राजधानी पोर्तो प्रिन्सपासून जेमतेम २५ किलोमीटरवर. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालयही कोसळलं. मदत ज्यांनी करायची तेच ढिगाऱ्याखाली. मग काही दिवसांतच एक नंबर रेडिओवरून सांगितला जाऊ लागला: ४६३६. या नंबरवर फुकट एसएमएस करा, कुठे आहात आणि काय हवंय ते कळवा. जुन्या बटणांच्या फोनवर हेच चार आकडे दाबले की 'इन्फो' हा शब्द उमटतो.

एसएमएसच का? कॉल लावला की तो चालू असेपर्यंत टॉवरची एक वाट अडवून बसतो. हजारो लोक एकदम फोन लावायला लागले की वाटा संपतात आणि आपल्याला 'सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ऐकू येतं. एसएमएस त्या वाटेने जातच नाही. फोन आणि टॉवर यांची आपसात जी सतत कुजबुज चालते (कोण कुठे आहे, कुणाला रिंग द्यायची), त्या कुजबुजीतल्या फटीतून तो सरकतो. जागा मिळाली नाही तर केंद्रात थांबून राहतो आणि मिळाली की निघतो. म्हणून कॉल लागत नसतानाही एसएमएस पोचण्याची शक्यता बरीच असते. फट लहान असल्यामुळेच एका एसएमएसची मर्यादा १६० रोमन अक्षरांची. देवनागरीत तर ७० चीच, काना-मात्रा धरून. पुरात अडकल्यावर 'माननीय महोदय' लिहायला जागा नसते, हे लक्षात असू द्या.

यात उलट दिशेचीही एक सोय आहे. २०२३ मध्ये सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा आमच्या ऑफिसातले फोन एका सुरात किंचाळले होते, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट. तो एसएमएससारखा एकेका नंबरला पाठवला जात नाही. टॉवर तो रेडिओ केंद्रासारखा एकदाच प्रसारित करतो आणि टप्प्यातले सगळे फोन ऐकतात, मग ते शंभर असोत की लाख. त्यामुळे गर्दीत तो अडकत नाही. अर्थात त्यासाठी टॉवर जिवंत हवा. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, पुढे डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी ज्या रस्त्याने यायची तोच पाण्याखाली असतो.

हैतीत मेसेज यायला लागले, पण हैतीच्या क्रेओल भाषेत. मदत पथकांमधल्या बहुतेकांना ती येत नव्हती. मग जगभर पांगलेले हैतीचे लोक इंटरनेटवर गोळा झाले आणि एकेक मेसेज भाषांतरित करू लागले. या कामाची जुळवाजुळव केली रॉबर्ट मन्रो यांनी. ते तेव्हा स्टॅनफर्डमध्ये भाषाविज्ञानात संशोधन करत होते. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण काम नुसत्या भाषांतराचं नव्हतं. 'काफू' शब्द घ्या. राजधानीला लागून 'कार्फूर' नावाची मोठी वस्ती आहे, क्रेओलमध्ये तिचा उच्चार आणि स्पेलिंग 'काफू' असं होतं. पण 'काफू' म्हणजे साधा चौकसुद्धा! 'काफूपाशी आहोत' म्हणजे कुठे? लिहिणारा घाईत, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. हे कोडं संगणकाला सुटत नाही, तिथे वाढलेल्या माणसाला मात्र सुटतं. आपल्याकडे 'नाक्यावर उभा आहे' म्हटलं की कुठला नाका ते गावातल्यालाच कळतं, तसंच.

पत्ता कळला तरी नकाशा हवा, आणि पोर्तो प्रिन्सचा कामाचा नकाशा इंटरनेटवर जवळजवळ नव्हताच. उपग्रहांची नवी छायाचित्रं खुली झाली आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या नकाशाच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या गल्लीन् गल्ली रेखाटली. दुसरीकडे बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातले विद्यार्थी 'उशाहिदी' या संगणक प्रणालीवर, आलेल्या मेसेजचे ठिपके नकाशावर मांडत होते. ती केनियातली. २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे हिंसाचार उसळला, त्याच्या नोंदी ठेवायला ती उभी राहिली होती. स्वाहिलीत तिचा अर्थ साक्ष. अडचणीतल्या माणसांचे मेसेज असे जगासमोर उघडे टाकावेत का, यावर पुढे वाद झाला आणि तो रास्तच होता.

ठिपक्यांचा नकाशा भुरळ पाडतो. जिथे ठिपके दाट तिथे विध्वंस जास्त, असं डोळा परस्पर ठरवून मोकळा होतो. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनाही मेसेजची दाटी आणि पडझड यांच्यात संबंध दिसला होता. मग बेनेटेक या संस्थेच्या संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांनी एकच साधी गोष्ट जमेस धरली: मुळात तिथे इमारती किती होत्या? जिथे इमारती जास्त तिथे माणसं जास्त, फोन जास्त, मेसेज जास्त, आणि पडलेल्या इमारतीही जास्त. इमारतींची दाटी हिशेबात घेतल्यावर मेसेजमधून पडझडीबद्दल नवीन काही कळेना. उलट, संबंध किंचित विरुद्ध दिशेचा निघाला. म्हणजे ठिपके दाखवत होते ते फोन कुठे आहेत हे.

२०१२ मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं तेव्हा दोन कोटींहून जास्त ट्वीट झाले आणि त्यांतले सर्वाधिक मॅनहॅटनमधले होते. जास्त मार बसलेल्या किनारी वस्त्यांमध्ये वीज नव्हती, फोन मेले होते.

मग मेसेजची वाट न पाहता माहिती मिळवता येईल का? स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लिनस बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी हैतीच्या डिजिसेल कंपनीकडून सिमकार्डांच्या नोंदी घेतल्या, नावं-नंबर काढून टाकलेल्या. प्रत्येक कॉलबरोबर तो कुठल्या टॉवरवरून झाला याची नोंद होतेच. 'पोलिसांनी सीडीआर काढला' असं आपण बातम्यांत वाचतो, तोच हा प्रकार. १९ लाख सिम, भूकंपाआधीचे ४२ दिवस आणि नंतरचे १५८. राजधानीत अभ्यासातल्या एका सिममागे ३.२ माणसं, असा हिशेब धरून उत्तर आलं की भूकंपानंतर १९ दिवसांत सुमारे ६ लाख ३० हजार लोक राजधानी सोडून गेले. कुठल्या भागात किती गेले तेही कळलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी नंतर घरोघरी केलेल्या पाहणीशी ते चांगलं जुळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा साथीच्या भागातून लोक कुठे चाललेत याचा अहवाल माहिती हातात आल्यापासून १२ तासांत तयार होता. तंबू आणि औषधं कुठे पाठवायची हे ठरवणाऱ्याला याहून मोलाचं काय असणार?

पण या अभ्यासातली एक अट वाचून मी थबकलो. बंद पडलेली सिम गाळायला हवीत म्हणून त्यांनी फक्त अशीच कार्डं घेतली, ज्यांवरून भूकंपाआधी आणि अभ्यासाच्या शेवटच्या महिन्यात निदान एक कॉल झाला होता. अट शास्त्रीयदृष्ट्या चोख आहे. तिचा अर्थ असाही होतो की १२ जानेवारीला ज्यांचा फोन कायमचा गप्प झाला, त्यातलं कुणीही या १९ लाखांत नाही.

या गप्प बसण्याचाही उपयोग करता येतो. एखाद्या टॉवरवर रोज सकाळी समजा चारशे फोन दिसतात आणि आज एकही नाही, तर हे मोबाइल कंपनीच्या नियंत्रण कक्षात लगेच कळतं. 'रोजच्यापेक्षा कुठे शांत आहे' असा नकाशा काढता येतो, आणि मदतीच्या ठिपक्यांच्या नकाशाशेजारी तो ठेवला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तो नकाशा अर्धवटच असतो, हेही खरं. वीज गेली, केबल तुटली, बॅटरी संपली, की गावच नाहीसं झालं, यातलं काहीच शांतता सांगत नाही. ते कुणीतरी जाऊनच पाहावं लागतं.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. फोन करून कळवायला गावात जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. बाहेरच्या जगाला पत्ता लागला तो एसटीमुळे. गाडी नेहमीच्या फेरीवर निघाली होती. ड्रायव्हर रोजच्या ठिकाणी पोचला तर पुढे नुसता चिखल, आणि जिथे माळीण असायला हवं होतं तिथे गाव दिसेना. त्याने गाडी मागे वळवली आणि खबर दिली.