व्होबाँ (फ्रायबुर्ग)

व्होबाँ : जर्मनीच्या नैर्ऋत्येस, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या फ्रायबुर्ग शहरातील सुमारे ५,५०० लोकवस्तीचा भाग. घरबांधणी, ऊर्जा आणि वाहतूक यांची आखणी येथे एकत्रच झाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा दुर्गरचनाकार व्होबाँ याने फ्रायबुर्गची तटबंदी बांधली होती; त्याचेच नाव दुसऱ्या महायुद्धानंतर येथे असलेल्या फ्रेंच लष्करी छावणीला मिळाले. १९९२ मध्ये फौज परतली आणि सुमारे ४० हेक्टर जागा मोकळी झाली.

नगरपालिकेने बरेचसे भूखंड मोठ्या बिल्डरांऐवजी कुटुंबांच्या गटांना दिले. शेजारी कोण, जिना कुठे, अंगण किती, हे रहिवाशांनी बांधकामाआधीच एकत्र बसून ठरवले. तरीही येथे प्रामुख्याने सुशिक्षित मध्यमवर्गच आला, ही या प्रयोगाची खरी उणीव आहे. जुन्या बराकींपैकी काही विद्यार्थ्यांसाठी व कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राखल्या गेल्या, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

अनेक घरे ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतीची आहेत. जाड उष्णतारोधक भिंती, तीन काचांच्या खिडक्या, दक्षिणेचे ऊन. बाहेर जाणारी उबदार हवा आत येणाऱ्या थंड हवेला आपली ऊब देऊन जाते. त्यामुळे अशा घराला तापवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागत नाही. वस्तीला लागणारी बाकीची उष्णता लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या केंद्रातून नळांद्वारे येते. लगतच्या सौर वसाहतीतील, वास्तुविशारद रोल्फ डिश यांची ५९ घरे तर वर्षभरात वापरतात त्याहून अधिक वीज निर्माण करतात.

२००६ पासून ट्राम येथे येते; तिच्या रुळांमध्ये गवत आहे. पण माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट पार्किंगची. बहुतेक गल्ल्यांत गाडी दाराशी आणून सामान उतरवता येते, उभी ठेवता येत नाही. गाडी हवी असेल तर वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात जागा विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत हजारो युरोंत जाते. म्हणजे पार्किंगचा खर्च घराच्या किमतीत लपत नाही आणि गाडी नसलेल्याच्या माथी पडत नाही. कायद्याने मात्र प्रत्येक घरामागे वाहनाची एक जागा दाखवावी लागे. त्यावर रहिवाशांनी तोड काढली : गाडी नसलेल्यांनी संस्था स्थापून वर्गणीतून एक भूखंड घेतला. गरज पडलीच तर तेथे वाहनतळ बांधता येईल, एवढे कायद्याला पुरले. सभासद गाडी नसल्याचे लिहून देतात, आणि त्या भूखंडावर गाड्यांऐवजी मुले खेळतात.