बकानो! (अ‍ॅनिमे मालिका)

बकानो! ही २००७ मधली अ‍ॅनिमे मालिका आहे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, पण तिच्यात जपान शोधूनही सापडत नाही, सगळा मामला १९३० च्या आसपासच्या अमेरिकेतला. म्हणजे दारूबंदीचा काळ, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या टोळ्या, हॅट, सूट, टॉमी गन, आणि या सगळ्यात मधेच येऊन बसलेले अठराव्या शतकातले किमयागार. नाव इटालियन आहे, अर्थ गोंगाट, दंगा. पहिला एपिसोड बघून डोकं गरगरलं की कळतं नाव असं का ठेवलंय ते.

मूळ गोष्ट र्योगो नारिता यांच्या लाइट नॉव्हेल्सची, म्हणजे मधेमधे चित्रं असलेल्या छोट्या कादंबऱ्या. पहिलं पुस्तक २००३ चं, चित्रं कात्सुमी एनामी यांची. अ‍ॅनिमे ब्रेन्स बेस स्टुडिओने केला, दिग्दर्शक ताकाहिरो ओमोरी. टीव्हीवर १३ एपिसोड दाखवले आणि ३ नंतर फक्त डीव्हीडीवर आले, एकूण १६. बरेच जण १३ वर थांबतात आणि मग उरलेले धागे लोंबकळत राहिले म्हणून कुरकुरतात, तेव्हा १६ च्या १६ बघा.

आता जादू. १७११ साली अ‍ॅडव्हेना अव्हिस नावाच्या जहाजावर काही किमयागार एका सैतानाला बोलावतात आणि त्याच्याकडून अमर होण्याचं औषध घेतात. ते प्यायलं की गोळी घाला, सुरी खुपसा, जखम आपली भरून येते, सांडलेलं रक्तसुद्धा परत अंगात जातं. पण एक मेख आहे. एका अमर माणसाने दुसऱ्या अमर माणसाच्या डोक्यावर उजवा हात ठेवून मनात आणलं की दुसरा त्याच्यात जिरून जातो, सगळ्या ज्ञानासकट. झिलार्ड नावाचा म्हातारा त्याच रात्री जहाजावर आपल्याच सोबत्यांना असं खायला सुरुवात करतो. दुसरा नियम मला जास्त आवडतो, अमर माणसाला दुसऱ्या अमर माणसासमोर खोटं नाव सांगता येत नाही. टोपणनावांवर जगणाऱ्या गुन्हेगारांच्या गोष्टीत हा नियम घालणं म्हणजे खरी आयडिया. पुढे एका ट्रेनचा भाग येतो, तिथे चेस नावाचा अमर पोरगा ओळख करून देताना खोटं नाव सांगायला जातो आणि तोंडातून खरंच नाव बाहेर पडतं, झालं, त्याला कळतं की या डब्यात आपल्यासारखं कोणीतरी बसलंय, पण कोण ते कळत नाही आणि तो घाबरून कोणावरही संशय घ्यायला लागतो.

एवढीच जादू. मंत्र नाहीत, आगीचे गोळे नाहीत. आणि ती टोळीवाल्यांच्या धंद्यात बरोब्बर मिसळते. १९३० मध्ये ते औषध पुन्हा तयार होतं, पण बाटल्यांत भरलेलं, आणि दारूबंदीत बाटली म्हटलं की लोकांना एकच गोष्ट सुचते. हातोहात फिरत बाटल्या मार्टिलो टोळीच्या पार्टीत पोचतात, फिरो नावाच्या तरुणाला बढती मिळालेली असते, सगळे चिअर्स करून पितात आणि कोणाला पत्ताही न लागता अमर होतात. उलटी बाजूही आहे. डॅलस नावाचा एक गुंड सहज मरत नाही, मग दुसऱ्या एका टोळीचे म्होरके गँडोर बंधू त्याला सिमेंटमध्ये घालून नदीच्या तळाशी सोडतात. टोळ्यांची जुनीच शिक्षा, फक्त इथे माणूस खाली बुडतो, जिवंत होतो, परत बुडतो.

सगळ्यात भारी भाग मात्र ट्रेनचा. डिसेंबर १९३१ अखेरीस शिकागोहून न्यूयॉर्कला निघालेल्या फ्लाइंग पुसीफूट या गाडीवर एकाच फेरीत पांढऱ्या कपड्यातली लॅड रूसोची खुनशी गँग, काळ्या कपड्यातले लेमूर नावाचे दहशतवादी आणि जकूझी या रडक्या पोराची टोळी असे तिघेही चढतात, प्रत्येकाचा बेत वेगळा, आणि वर रेल ट्रेसर नावाच्या भुताची अफवा. ते भूत नेमकं कोण हे इथे सांगत नाही.

मालिकेला हिरो नाही. गोष्ट १७११, १९३०, १९३१, १९३२ अशी पुढेमागे उड्या मारते, सुरुवातीलाच एका वृत्तपत्राच्या ऑफिसात एक साहेब आणि छोटी कॅरोल गोष्ट नक्की कुठून सुरू करायची, मुख्य पात्र कोण यावरच काथ्याकूट करत बसतात. पहिले दोन-तीन एपिसोड कळले नाहीत तरी चालतं, नावं लक्षात ठेवायचा हट्ट सोडा. तरी आयझॅक आणि मिरिया लक्षात राहतातच, म्युझियममध्ये कोणी जाऊ नये म्हणून म्युझियमचं दारच चोरणारी ही जोडी, आपण अमर झालोय हे त्यांना कित्येक वर्षं कळतच नाही.

हिंसा बऱ्यापैकी आहे, बोटं तुटतात, एका लहान मुलाचे हाल बघवत नाहीत, त्यामुळे घरातल्या बारक्यांसोबत लावू नका. इंग्रजी डबिंग अनेकांना जपानीपेक्षा बरं वाटतं, कारण न्यूयॉर्कचे गुंड अमेरिकन ढंगात बोलतात. दुसरा सीझन आला नाही, कादंबऱ्या मात्र पुढे बऱ्याच आल्या. नारिता यांच्याच दुरारारा!! या दुसऱ्या कादंबरीमालेचा अ‍ॅनिमे याच स्टुडिओने आणि याच दिग्दर्शकाने २०१० मध्ये केला, तिथे आयझॅक-मिरियाची झलक दिसते. आणि सुरुवातीचं गाणं स्किप करू नका, त्यात एकेक पात्र स्क्रीनवर थांबतं आणि खाली नाव येतं, गोंधळलात की तीच तुमची यादी.