मेमरी कार्डापासून न्यूपाइपपर्यंत : खात्याविना पाहण्या-ऐकण्याची पार्श्वभूमी

नागपुरातल्या सीताबर्डीच्या मोबाइल दुकानांत पैसे मोजून मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची पद्धत स्वस्त ४जी आल्यावर, म्हणजे २०१६ नंतर, मागे पडली. त्या गाण्यांच्या हक्कांचे काय, हा प्रश्न दुकानदाराला वा गिऱ्हाइकाला फारसा पडत नसे. पण कार्डावरची भीमगीते कोणी किती वेळा ऐकली, याची नोंदही कुठे होत नसे. तीच गीते यूट्यूबवर लागू लागली, तेव्हा ऐकणाऱ्याची आवड आणि वेळ त्याच्या खात्याला जोडली गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला (त्यांतले एक नागपूरचेच), परंतु फोनमधल्या नोंदवहीत त्याने लगेच काही फरक पडला नाही.

यूट्यूब पाहण्या-ऐकण्यासाठीचे न्यूपाइप हे मुक्तस्रोत (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे) अँड्रॉइड ॲप त्याआधीच, २०१५ मध्ये, सुरू झाले होते. त्याला खाते लागत नाही, आवडत्या वाहिन्यांची यादी फोनमध्येच राहते आणि स्क्रीन बंद करूनही आवाज चालू ठेवता येतो; ही शेवटची सोय यूट्यूबने भारतात मार्च २०१९ पासून पैसे घेऊन देऊ केली. प्ले स्टोअरच्या नियमांत ते बसत नसल्याने एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपच्या भांडारासारख्या ठिकाणाहून घ्यावे लागते.

अशा ॲपवरून होणाऱ्या वादाचे मूळ आहे ते अधिकृत एपीआय (बाहेरच्या ॲपना माहिती देण्यासाठी यूट्यूबने ठेवलेली वाट) टाळण्याच्या निर्णयात. ती वापरायची तर नोंदणी करून किल्ली घ्यावी लागते, अटी मान्य कराव्या लागतात आणि एवढे करूनही व्हिडिओचा प्रवाह थेट हाती येत नाही. म्हणून न्यूपाइपसारखी ॲप ब्राउझरला जे मिळते तेच वाचतात, आणि यूट्यूबने आतली रचना बदलली की दुरुस्ती येईपर्यंत बंद पडतात. व्हिडिओ उतरवून घेण्याच्या, संगणकावरच्या यूट्यूब-डीएल या साधनाची रीतही हीच. २३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून त्याचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून हटवण्यात आला. नक्कल रोखणारे तांत्रिक कुलूप तोडले जाते, असा आरोप होता, आणि चाचणीच्या कोडमध्ये सभासद कंपन्यांच्या गाण्यांचे दुवे असल्याकडे बोट दाखवले गेले. ते दुवे ठेवणे निष्काळजीपणाचेच होते. पण जी आकडेमोड कोणताही ब्राउझर व्हिडिओ दाखवताना करतो, तिला कुलूप म्हणायचे कसे, याचे पटण्याजोगे उत्तर तक्रारीत नव्हते. दुवे काढल्यावर १६ नोव्हेंबरला कोड परत आला; गिटहबवरचे हे प्रकरण न्यायालयात न गेल्याने प्रश्न मात्र तिथे निकाली निघाला नाही.

न्यूपाइप वापरले तरी फोनचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) यूट्यूबला दिसतोच. तो झाकण्यासाठी इनव्हिडिअस व पाइप्ड या यूट्यूब दाखवणाऱ्या पर्यायी प्रकल्पांनी मध्ये सर्व्हर ठेवला. लिब्रेट्यूब हे ॲप पाइप्डवर उभे राहिले. जून २०२३ मध्ये इनव्हिडिअसला यूट्यूबकडून बंद करण्याची नोटीस आली, तेव्हा ‘एपीआय वापरलीच नाही, म्हणून तिच्या अटीही लागू नाहीत’ असे उत्तर गेले. मार्च २०२२ मध्ये बंद पडलेले व्हॅन्स्ड हे ॲप पुष्कळजण याच माळेत ओवतात, पण ते यूट्यूबच्या अधिकृत ॲपचेच फेरफार केलेले रूप होते.

गूगलच्या ऑगस्ट २०२५ च्या घोषणेनुसार, तिने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर बसवायच्या ॲपच्या विकसकाला, ते प्ले स्टोअरबाहेरून घेतले तरी, गूगलकडे ओळख पटवावी लागणार आहे. एफ-ड्रॉइडने विरोध केला. नोव्हेंबरमध्ये जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासन मिळाले. सप्टेंबर २०२६ साठी जाहीर झालेल्या पहिल्या चार देशांत भारत नाही. इतरत्र २०२७ पासून टप्प्याटप्प्याने अंमल व्हायचा आहे.