एका वळणाचा फोटो

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या फ्रँकलिन नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. तो गढूळपणा नव्हे. काठच्या बटनग्रास गवतातून आणि कुजलेल्या पाल्यातून टॅनिन पाण्यात झिरपतं, त्याचा हा रंग. चहातही याच कुळातली द्रव्यं असतात.

१९७९ मध्ये पीटर डोंब्रोव्स्किस आपला अवजड कॅमेरा घेऊन या नदीवर गेला. त्यातली एकेक फिल्म चार बाय पाच इंचांची, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या जवळजवळ पंधरापट. शटर बराच वेळ उघडं ठेवलं की खडक रेखीव उमटतो आणि वाहतं पाणी पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. वळणावरचा खडक, त्याला वळसा घालणारं पाणी, वर कड्यांत अडकलेलं सकाळचं धुकं. फोटोत माणूस कुठेच नाही.

खाली गॉर्डन नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचं ठरलं होतं, त्यात हे खोरं बुडणार होतं. मार्च १९८३ च्या निवडणुकीच्या तोंडावर हाच फोटो वर्तमानपत्रांत पानभर रंगीत छापून आला. हे उद्ध्वस्त करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत द्याल का, असा त्यासोबतचा प्रश्न होता. ज्यांनी ती नदी कधी पाहिली नव्हती, बहुधा पुढेही पाहणार नव्हते, त्या लाखो लोकांच्या घरात ती पोचली. धरणाला विरोध करणारा मजूर पक्ष सत्तेवर आला.

पण फोटोनं धरण थांबवलं असं म्हणणं मला अपुरं वाटतं. डोंब्रोव्स्किसचे गुरू ओलेगास त्रुखानास यांनी टास्मानियातल्याच पेडर सरोवराच्या स्लाइड्स गर्दीनं भरलेल्या सभागृहांत दाखवल्या होत्या. त्याही तितक्याच सुंदर, तितक्याच जिव्हाळ्यानं टिपलेल्या. तरी १९७२ मध्ये ते सरोवर धरणाच्या पाण्यात बुडालंच.

फ्रँकलिनच्या बाजूनं आणखी काही उभं राहिलं. १९८१ मध्ये तिच्या काठच्या कुटिकिना गुहेत दगडी हत्यारं सापडली. हिमयुगात, पंधराएक हजार वर्षांपूर्वी, माणसं तिथे राहत होती. डिसेंबर १९८२ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत आला. त्याच महिन्यात सुरू झालेल्या सत्याग्रहात बाराशेहून जास्त लोकांनी अटक करून घेतली. नव्या केंद्र सरकारनं वारसा कराराच्या आधारे धरण रोखणारा कायदा केला आणि १ जुलै १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. एका न्यायाधीशाच्या मताचा फरक!

फ्रँकलिन आजही मोकळी वाहते. पेडरचा गुलाबी वाळूचा किनारा मात्र अजून पाण्याखालीच आहे.