आल्बर्ट जॅका

जॅका, आल्बर्ट : (१० जानेवारी १८९३ – १७ जानेवारी १९३२). ऑस्ट्रेलियाच्या पायदळातील अधिकारी. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारा पहिला ऑस्ट्रेलियन सैनिक. या पदकानंतर त्याला दोन वेळा मिलिटरी क्रॉस हे त्याखालोखालचे शौर्यपदकही मिळाले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव गेले ते तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर मिळालेल्या पहिल्या पदकामुळे, पण त्याच्याबरोबर लढलेल्यांपैकी अनेकांच्या मते त्याची खरी मोठी कामगिरी फ्रान्समधली होती आणि तिची पुरती कदर झाली नाही.

व्हिक्टोरिया राज्यातील विंचेल्सीजवळच्या लेयार्ड या खेड्यात त्याचा जन्म झाला. सात भावंडांत तो चौथा. तो पाच वर्षांचा असताना हे कुटुंब वेडरबर्न या लहानशा गावी राहायला गेले. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले. वडील नॅथॅनिएल यांच्या मालवाहतुकीच्या धंद्यात काही काळ हातभार लावल्यावर तो राज्याच्या वनखात्यात मजूर म्हणून लागला. युद्ध पेटले तेव्हा त्याचे वय एकवीस होते. सप्टेंबर १९१४ मध्ये तो सैन्यात भरती झाला. जॉन मोनॅश यांच्या चौथ्या ब्रिगेडमधली १४वी बटालियन त्याच्या वाट्याला आली आणि पुढचे सगळे युद्ध तो याच बटालियनमध्ये लढला.

मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज तळावर आणि नंतर इजिप्तमध्ये कवायती झाल्यावर २६ एप्रिल १९१५ रोजी, म्हणजे पहिले सैन्य तिथे उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ही बटालियन गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. ॲन्झॅक (ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संयुक्त सैन्यदलाचे संक्षिप्त नाव) सैन्याच्या ताब्यातला हा मुलूख म्हणजे समुद्राला लागून सुरू होणाऱ्या घळी आणि उभ्या कड्यांचा चिंचोळा तुकडा. डोंगरमाथे तुर्कांकडे होते, तर ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक उतारांना चिकटून बसले होते. खालून पाणी आणि दारूगोळा वर पोहोचवणाऱ्यांत हिंदुस्थानी सैन्याचे खेचरवालेही होते. भारतात गॅलिपोलीची आठवण निघाली तरी हे लोक बहुधा निसटून जातात.

१९ मे १९१५ च्या पहाटे सुमारे ४२,००० तुर्की सैनिकांनी ॲन्झॅकच्या सगळ्या आघाडीवर एकाच वेळी हल्ला चढवला. अंगावर येणाऱ्या रांगांवर बंदुका आणि मशीनगनचा मारा इतका झाला की सकाळ होईतो तुर्कांचे सुमारे १०,००० लोक मेले किंवा जखमी झाले होते. प्रेते पुरण्यासाठी २४ मे रोजी दोन्ही बाजूंना काही तास लढाई थांबवावी लागली. एवढ्या मोठ्या हल्ल्यात तुर्कांना खंदकात शिरता आले ते कोर्टनीच्या ठाण्यावर, आणि तेही जेमतेम बारा यार्ड लांबीच्या तुकड्यात. पण तिथल्या कड्याच्या पाठीमागे थेट घळ होती. ते ठाणे पडले असते, तर खालचा मुख्य रस्ताच शत्रूच्या हाती गेला असता.

खंदक कधी सरळ रेषेत खणत नाहीत. ठराविक अंतरावर त्याला काटकोनी वळणे देतात, म्हणजे एका भागात पडलेला बाँब किंवा शिरलेला शत्रू सगळ्या लांबीवर मारा करू शकत नाही. अशाच एका वळणामागे लान्स कॉर्पोरल जॅका उभा होता आणि समोरच्या भिंतीत गोळ्या घालून तुर्कांना पुढे सरकू देत नव्हता. लेफ्टनंट हॅमिल्टन डोक्यात गोळी लागून पडला होता. लेफ्टनंट क्रॅब तिथे पोहोचला आणि माणसे दिली तर हल्ला करशील का, असे त्याने विचारले. जॅकाने दोन-तीन जण मागितले. पहिला प्रयत्न समोरून झाला आणि फसला, बरोबरचे लोक वळणावरच जखमी झाले. मग बेत बदलला. बाकीच्यांनी एका टोकाकडून बाँब फेकून गोंधळ उडवायचा आणि जॅकाने एकट्याने वळसा घालून दुसरीकडून जायचे. तो खंदकाबाहेर उघड्यावर चढला आणि धुरातून थेट तुर्कांच्या मध्ये उडी घेतली. पाच जण गोळ्यांनी आणि दोन संगिनीने पडले, उरलेले पळाले. उजाडल्यावर क्रॅब आला तेव्हा लालबुंद चेहऱ्याचा जॅका न पेटवलेली सिगारेट तोंडात धरून प्रेतांच्या गराड्यात उभा होता. त्यांचा निकाल लावला, एवढेच काहीसे तो बोलला, अशी नोंद आहे. त्याने स्वतः डायरीत या पहाटेची नोंद मोजक्या वाक्यांत उरकली आहे.

जुलैमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि वेडरबर्नचा मजूर रातोरात देशाचा नायक बनला. मेलबर्नमधला धनाढ्य व्यावसायिक जॉन रेन याने पहिल्या ऑस्ट्रेलियन व्हिक्टोरिया क्रॉसविजेत्यासाठी ठेवलेले ५०० पौंड आणि सोन्याचे घड्याळ त्याला मिळाले. भरतीच्या भित्तिपत्रकांवर त्याचे चित्र झळकू लागले. गंमत अशी, की मुलगा पोस्टरवरून तरुणांना हाक देत असताना घरी वडील सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध प्रचार करत होते. १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही वेळच्या सार्वमतांत ऑस्ट्रेलियन मतदारांनी ही सक्ती नाकारली.

एप्रिल १९१६ मध्ये जॅका सेकंड लेफ्टनंट झाला आणि जूनमध्ये बटालियनबरोबर फ्रान्सला गेला. ७ ऑगस्ट १९१६ च्या पहाटे सोम नदीच्या आघाडीवर पोझिएर गावाजवळ तो आपल्या माणसांसह जमिनीखालच्या भुयारी खोलीत होता. रात्रभराच्या तोफमाऱ्यानंतर जर्मनांचा हल्ला वरून पुढे निघून गेला. जाता जाता कुणीतरी जिन्यावरून बाँब खाली लोटले. दोन माणसे गेली. जॅका गोळ्या झाडत वर धावला, तो सगळीकडे जर्मनच दिसले, आणि त्यांच्या पहाऱ्यात मागे नेले जात असलेले ४८व्या बटालियनचे सुमारे चाळीस कैदी. हाताशी असलेली सात माणसे घेऊन त्याने पहाऱ्यावर झडप घातली. कैद्यांनी संधी साधून मिळेल ते हत्यार उचलले, आसपासचे ऑस्ट्रेलियनही धावून आले आणि उघड्या माळावर हातघाईची लढाई जुंपली. अखेर गेलेली ओळ परत मिळाली आणि सुमारे पन्नास जर्मन पकडले गेले. जॅकाच्या बरोबरचे सातही जण जखमी झाले. त्याला स्वतःला सात जखमा झाल्या होत्या. त्यांतली एक गोळी उजव्या खांद्याखालून शरीराच्या आरपार गेली होती. लंडनच्या रुग्णालयात असताना तो मेल्याची बातमीही छापून आली. ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत युद्धेतिहासाचा लेखक चार्ल्स बीन याने या झटापटीला ऑस्ट्रेलियन सैन्याच्या इतिहासातले एका माणसाच्या धाडसाचे सर्वांत नाट्यमय आणि परिणामकारक कृत्य म्हटले आहे. एवढे असून त्याबद्दल मिळाला तो मिलिटरी क्रॉस. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस इथेच मिळायला हवा होता, ही बटालियनमधली भावना समजण्यासारखी आहे.

डिसेंबरात तो परतला आणि मार्च १९१७ मध्ये कॅप्टन झाला. ८ एप्रिलच्या रात्री फ्रान्समधल्या बुलकूर गावासमोर तो जर्मन काटेरी तारांपर्यंत जाऊन पाहणी करून आला. हल्ल्याची दिशा दाखवणाऱ्या पट्ट्या जमिनीवर अंथरायलाही तोच पुन्हा गेला. काम संपत आले असताना दोन जर्मन समोर आले. पट्ट्या त्यांच्या नजरेस पडल्या असत्या, तर बेत उघड झाला असता. जॅकाचे पिस्तूल उडाले नाही, तेव्हा त्याने दोघांना हातांनीच पकडले. याबद्दल मिलिटरी क्रॉस दुसऱ्यांदा मिळाला. हल्ला मात्र बुडाला. तोफमाऱ्याऐवजी सगळी भिस्त रणगाड्यांवर ठेवली होती. १० एप्रिलला ते वेळेवर पोहोचलेच नाहीत आणि बर्फात पडून राहिलेल्या पायदळाला माघारी बोलवावे लागले. ११ एप्रिलला पोहोचले, पण एकामागून एक बंद पडले किंवा निकामी झाले. चौथ्या ब्रिगेडच्या ३,००० पैकी २,३३९ माणसे मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. रणगाड्यांच्या कामगिरीवर जॅकाने कडक अहवाल लिहिला.

वरिष्ठांपुढे मनातले बोलून मोकळे व्हायचे, हा त्याचा स्वभावच होता. हाताखालच्या शिपायाने आगळीक केली तर आरोपपत्रापेक्षा एक ठोसा त्याला जास्त सोयीचा वाटे. अशा अधिकाऱ्यावर शिपाई जीव टाकतात, पण बढती देणारे जरा दूरच राहतात. युद्ध संपेपर्यंत तो कॅप्टनच राहिला, यामागे हा फटकळपणा असावा असे त्याच्या सोबत्यांना वाटे. जुलै १९१७ मध्ये नेमबाजाची गोळी लागून तो काही आठवडे बाहेर राहिला. २६ सप्टेंबरला बेल्जियममधल्या पॉलिगॉन वूडच्या लढाईत जर्मनांच्या काँक्रीटच्या मोर्चांवर बटालियनचे नेतृत्व करताना त्याने जी समज दाखवली, तीमुळे त्याला निव्वळ धाडसी समजणारेही चकित झाले. त्याबद्दल पदक मिळाले नाही. इतर पलटणींत मात्र १४व्या बटालियनला ‘जॅकाची टोळी’ म्हणू लागले होते. मे १९१८ मध्ये व्हिलेर-ब्रेतोन्यूजवळ विषारी वायूने तो गंभीर आजारी झाला आणि पुन्हा आघाडीवर जाऊ शकला नाही.

ऑक्टोबर १९१९ मध्ये मेलबर्नला परतल्यावर त्याचे जंगी स्वागत झाले. बटालियनमधल्या दोन सोबत्यांबरोबर त्याने विजेच्या उपकरणांच्या आयातीची कंपनी काढली. जानेवारी १९२१ मध्ये त्याच कचेरीतल्या फ्रान्सिस व्हेरोनिका कॅरी हिच्याशी त्याने लग्न केले. दोघांनी एक मुलगी दत्तक घेतली. सेंट किल्डा या मेलबर्नच्या उपनगरात तो १९२९ मध्ये नगरपालिकेवर निवडून आला आणि पुढच्या वर्षी महापौर झाला. ते जागतिक मंदीचे दिवस होते. त्याची स्वतःची कंपनी १९३० मध्येच गुंडाळली गेली होती आणि महापौर म्हणून त्याचा बराच वेळ बेकारांना मदत मिळवून देण्यात जात होता. जुन्या जखमा व वायूने खिळखिळे झालेले शरीर हा ताण फार काळ पेलू शकले नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने कॉलफील्डच्या लष्करी रुग्णालयात तो वारला. तो लग्नाचा अकरावा वाढदिवस होता.

अंत्यदर्शनाला सुमारे ६,००० लोक आले. शवपेटी आठ व्हिक्टोरिया क्रॉसविजेत्यांनी उचलली. विधवेला घर घेता यावे म्हणून लोकवर्गणीतून १,१९५ पौंड जमले. सेंट किल्डाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्याला त्याचे नाव आहे आणि त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. सेंट किल्डाच्या दफनभूमीत दर जानेवारीत त्याच्या थडग्याशी स्मरणसभा भरते. सुरुवातीला ती १४व्या बटालियनचे जुने शिपाई भरवत असत.