बिझनेस क्लास मिळाला, पण रांग कुठली घ्यायची?

आमचे साडू बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कंपनीत आहेत, कंपनी त्यांना पहिल्यांदाच बिझनेस क्लासने मुंबईहून न्यूयॉर्कला पाठवतेय, 15-16 तासांचा प्रवास. फॅमिली ग्रुपवर सीट मॅप टाकून त्यांनी विचारलं कुठली घेऊ, तर दांडिया बाजारच्या काकांपासून सगळ्यांचं एकच, पहिली रांग घ्या, राजासारखे बसा! मी पडलो फिजिक्सवाला, मला काही राहवलं नाही.

कमाटीबागेतल्या सीसॉवर मधल्या दांड्याजवळ बसलेलं पोर फारसं हलतच नाही, टोकावरचं मात्र धाडकन वर-खाली होतं. विमानाचंही तसंच, फक्त दांडा म्हणजे गुरुत्वमध्य आणि तो असतो साधारण पंखांपाशी. आता हवेचा झोत लागला की दोन गोष्टी होतात. एक, अख्खं विमान उचललं जातं, हा धक्का पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना सारखाच, त्यातून सुटका नाही (पंखांवर बसलं की काहीच हलत नाही असं जे सांगतात ते चूक). दुसरी गोष्ट, विमान नाक वर-खाली करतं, मान डोलावल्यासारखं, आणि इथे तुम्ही कुठे बसलात त्याने फरक पडतो.

हिशोबच करू. बोइंग 777-300ईआर जवळपास 74 मीटर लांब. पहिली रांग गुरुत्वमध्यापासून 28 मीटरवर धरा. नाक फक्त 1 अंश वर गेलं तरी ती सीट अंतराच्या 57व्या भागाइतकी उचलली जाते, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर. तेच 8 मीटरवर बसलात तर 14 सेंटीमीटर. आणि कानाच्या आतला जो भाग तोल सांभाळतो त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो, ताशी 900 किमीने जाताना चहा आरामात पितो आपण, पण अर्धा मीटर वर आणि लगेच खाली हे त्याला बरोब्बर कळतं आणि पोट ढवळतं.

अजून एक गंमत, ही मला फारच आवडते. विमान काही दगड नाही, ते वाकतं. दोन्ही टोकं मोकळी असलेली एकसारखी पट्टी थरथरली की तिच्यावर दोन जागा जवळपास स्थिर राहतात, प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर, त्यांना नोड म्हणतात, आणि सगळ्यात जास्त हलतात ती टोकं. विमानाला पंख, इंजिनं, टाक्यांतलं इंधन चिकटलेलं असल्याने हे नोड इकडेतिकडे सरकतात, त्यात इंधन जळत जातं तसं वजनही बदलत राहतं, पण नाकाच्या टोकापेक्षा थोडं मागे बसलेला सुखी, एवढं पक्कं. (इथे बायको म्हणाली पुरे, रांग नंबर सांगा.)

तर बिझनेस क्लासच्या मागच्या रांगा बघा, पण गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटला चिकटून नको, रात्रभर पडदा सरकतो आणि फ्लश होतो. अगदी पंखापर्यंतही नको, इंजिनाचा आवाज मुख्यतः मागे जातो म्हणून इंजिनाच्या पुढे शांत. पायांचंही बघा, बऱ्याच सीटमध्ये झोपल्यावर पाय पुढच्याच्या टेबलाखालच्या खोबणीत जातात आणि ती अरुंद असते. जिच्यापुढे थेट भिंत आहे त्या रांगेत ती खोबण बहुतेक वेळा मोठी असते, म्हणून बिझनेसचे दोन भाग असतील तर दुसऱ्या भागातली पहिली रांग, मी तीच सांगितली.

मग काकांनी विचारलं तेरावी रांग तर नाही ना. जर्मनीच्या लुफ्थान्झा कंपनीच्या विमानांत 13 आणि 17 नंबरची रांगच ठेवत नाहीत, 17 इटलीत अशुभ म्हणून! नंबर गाळला तरी बाराव्याच्या मागची रांग तेरावीच की, फक्त पाटीवर 14 लिहितात. झोत काही पाटी वाचून येत नाही.

शेवटी साडूंचा खरा प्रश्न आला, लीलो चेवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) हँडबॅगेत नेऊ का? न्या, पण पाकीट फुगेल. केबिनमधला दाब 6000 ते 8000 फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, म्हणजे जास्तीत जास्त आपल्या बडोद्याजवळच्या पावागढसारखे तीन डोंगर एकावर एक ठेवल्यासारखं, आणि तेवढ्या उंचीवर दाब जमिनीच्या पाऊणपट असल्याने पाकिटातली हवा तिसऱ्या हिश्श्याने वाढायला बघते. पोटातला वायूही हाच नियम पाळतो, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी सेव उसळ नको.