टेस्ट अडकली तर पुरावा कुठून आणायचा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंग फुटलं की कारागीर आधी फुटलेली बाजू उजेडात धरतो. आत पोकळी दिसली, की दोष ओतकामातला. क्रॅश झालेला, म्हणजे मधेच कोसळलेला, प्रोग्रामही असा तुकडा मागे ठेवतो. हँग झालेला काहीच ठेवत नाही. तो चालूच असतो, पुढे मात्र सरकत नाही. बेळगाव-खानापुरात घरी बसून पुण्या-बेंगळुरूचं सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या पोरांना सकाळी लॉगच्या (प्रोग्रामच्या नोंदवहीच्या) तळाशी नुसतं ‘टाइमआउट’ (वेळ संपली) दिसतं, ते यामुळेच.

क्रॅशची सोय जुनी आहे. ‘कोअर डंप’मधला कोअर म्हणजे १९५०च्या दशकातली चुंबकीय मेमरी. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने मरणाऱ्या प्रोग्रामची मेमरी फाइलमध्ये उतरवून ठेवली, आणि १९८६मध्ये ती वाचायला जीडीबी हा डीबगर (दोष शोधायचं साधन) आला.

१९८८मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनलाइनवर काम करत होते. लाइनच्या खरखरीने कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसायची आणि प्रोग्राम कोसळायचे. मग त्यांनी विद्यार्थ्यांना मुद्दामच अशी कचरा-अक्षरं पुरवायला लावली. युनिक्सची पाव ते तृतीयांश साधनं पडली किंवा अडकली! (मराठी-कन्नड एकाच मेसेजात लिहिणाऱ्या आपल्या लोकांना याचं नवल वाटू नये. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोनची अ‍ॅप बंद पडत होती.)

हँगचं दुखणं मुळातलं. दिलेला कुठलाही प्रोग्राम कधी थांबेल का, हे ठरवणारी सरसकट रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे टाइमआउट हा शेवटी अंदाजच. उपाय निघाला तो हँगचाच क्रॅश करण्याचा: वेळ संपली की प्रोग्राम गुपचूप मारायचा नाही, अबॉर्ट सिग्नल देऊन डंप काढायचा. जावामध्ये ‘किल -३’ या कमांडने सगळ्या थ्रेडचे (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या धाग्यांचे) स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी, छापून येतात आणि प्रोग्राम मरतही नाही. पायथनमध्ये २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून अशीच यादी छापणारा फॉल्टहँडलर आहे.

मिलरसारखाच कचरा आपोआप पुरवणाऱ्या २०१३च्या एएफएल या साधनाने क्रॅश आणि हँग वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला सुरुवात केली. हँगच्या फोल्डरमध्ये मात्र नुसत्या संथ चाललेल्या केसेसही येऊन पडतात. म्हणून त्या आधी मोकळ्या मशीनवर चालवाव्यात. तिथेही अडकल्या, तर थोड्या अंतराने दोनदा स्टॅक काढावा. दोन्ही वेळा थ्रेड त्याच लॉकपाशी उभा दिसला तर डेडलॉकचा, म्हणजे थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकल्याचा, संशय घ्यायचा. ओळी बदलत असतील, तर तो कुठल्यातरी लूपमध्ये फिरतोय.